गाठींची चंची

बसा गं बायांनो, पदर सावरून बसा. अक्षता मुठीत घ्या, रडकं लेकरू मांडीवर घ्या. हातगौरी, तूही बैस. तुझीच कहाणी सांगायची आहे.

आटपाट नगर होतं. नगराच्या कडेनं नदी वाहत होती. नदीच्या अलीकडच्या काठाला एक शिंपी राहत होता. त्याची बायको मथाई. शिंपी साधाभोळा, खाली मान घालून शिवायचा. मथाईचा हात मात्र देवानं सवडीनं घडवलेला. तिनं कुंची शिवावी, तर राणीनं मागून न्यावी. तिनं झबलं शिवावं, तर शेजारणीनं उलटंपालटं करून पाहावं आणि गप्प बसावं.

मथाईला तिच्या आईनं एक वसा दिला होता. काय वसा दिला होता? हातगौरीचा. बुधवारी अंगणातली माती घ्यावी. मातीचे दोन हात करावे, मुख करू नये. हातांवर हळदकुंकू वाहावं, ओंजळीत पाणी घालावं. मग जिला वाण द्यायचं तिच्या घरी जावं. तिच्याजवळ घटकाभर बसावं. तिचा हात आपल्या हातात घ्यावा. घरी यावं, आपल्या हातानं वाण करावं, आपल्या हातानं नेऊन द्यावं.

मथाईनं काही दिवस वसा चालवला. मग तिचं नाव झालं. दारी गर्दी झाली. आज हिचं वाण, उद्या तिचं वाण. मथाई म्हणाली, "घरोघर जाऊन हात धरत कोण बसेल? माझं काम देखणं आहे, आणखी काय पाहिजे?" मातीचे हात करायचे राहिले. वाण गड्याच्या हाती जाऊ लागलं. वसा सुटला. सुटला तो सुटला, मथाईला आठवणही राहिली नाही.

मथाईला एक लेक होती. तिचं नाव आवडी. एकुलती एक, जिवापलीकडची. तिला नदीच्या पैलथडीला दिली. सासर मोठं. कोठ्या भरलेल्या, गोठे भरलेले. सासूचं नाव म्हाळसाबाई. घरात तिच्या दोन जावा, पण चाव्यांचा जुडगा म्हाळसाबाईच्या कमरेला. ती हाक मारी, तेव्हा घर हले.

पहिली संक्रांत आली. मथाईनं विहिणीसाठी चोळी शिवली. वर रंगानं बारीक बारीक मोर काढले. शिवण अशी घातली की बोट फिरवलं तर उलट कुठली, सुलट कुठली, कळू नये. मथाईनं चारचौघींना दाखवली. म्हणाली, "आहे का नगरात असा हात?" चोळी गड्याच्या हाती पाठवून दिली.

तिकडं काय झालं? हळदीकुंकवाला म्हाळसाबाईनं चोळी घातली. मोर आत गेले, अस्तर बाहेर आलं. दारी बायका जमल्या, तोंडाला पदर लावून हसू लागल्या. जावा म्हणाल्या, "बाई बाई, उलटी घातलीत!" म्हाळसाबाईचं तोंड एवढंएवढं झालं. आता उलटी का घातली, ते पुढं कळेल. दम धरा.

चैत्र आला. चैत्रगौर बसली. मथाईनं तुपाच्या दिव्यावर काजळ धरलं. घरीच कुंकू खललं. करवंटीच्या दोन डब्या केल्या, वर मखमल चढवली, कडेनं आरसे लावले. जुळ्या बहिणींसारख्या डब्या. शिंपी म्हणाला, "अगं, ओळखायच्या कशा?" मथाई म्हणाली, "डोळे कशाला दिलेत देवानं? उघडून पाहतील." डब्या गड्याच्या हाती पाठवून दिल्या.

तिकडं काय झालं? गावची पाटलीणबाई हळदीकुंकवाला आली. म्हाळसाबाईनं डबी उघडली, बोट बुडवलं आणि पाटलीणबाईच्या कपाळाला लावलं. लावलं काय? काजळ! भरल्या सवाष्णीच्या कपाळी काळं बोट! पाटलीणबाई ताडकन उठली. ओटी तशीच टाकून चालती झाली. गावभर बोभाटा झाला. म्हाळसाबाई माजघरात जाऊन बसली, दोन दिवस जेवली नाही.

मग श्रावण आला. आवडीला सातवा महिना लागला. पहिलटकरीण, माहेरी आणायची. मथाईच्या पायाला भिंगरी लागली. तिनं डिंक फोडला, खोबरं किसलं, बाळंतिणीची खोली सारवून घेतली. विहिणीला मान म्हणून गोधडी शिवली. अशी गोधडी की एका एका चौकटीत एक एक फूल, आणि एकासारखं दुसरं नाही. गड्याला म्हणाली, "हे दे, आणि लेकीला घेऊन ये."

गडी गेला तसा परत आला. गोधडीची गाठसुद्धा सुटली नव्हती. म्हणाला, "मथाई, निरोप ऐक. विहीणबाई म्हणतात, तुमच्या हातच्या वाणानं आमची अब्रू दोनदा गेली. आता तुमच्या हातचं आमच्या उंबऱ्याच्या आत नको. लेक येणार नाही. इथंच बाळंत होईल." मग त्यानं चोळीची गोष्ट सांगितली, डब्यांची गोष्ट सांगितली.

मथाई म्हणाली, "चोळी त्यांनी उलटी घातली, बोट त्यांनी चुकवलं, आणि राग माझ्यावर?" आधी चिडली. मग रडली. सारवलेल्या खोलीचं दार लावून घेतलं. ते दार पाहवेना, म्हणून तिकडं पाठ करून बसू लागली.

एके दिवशी काय झालं? दारात एक म्हातारी कासारीण आली. डोक्यावर बांगड्यांची टोपली. म्हणाली, "मुली, माझी चुंबळ फाटली गं. टोपली डोक्यावर बसत नाही. एक चुंबळ दे."

मथाईकडं तयार चुंबळी होत्या. तिनं एक उचलून दिली, मणी ओवलेली. म्हातारीनं डोक्यावर ठेवली, वर टोपली ठेवली. म्हणाली, "बोचते."

मग मथाईनं दुसरी दिली, जरीची. म्हातारीनं डोक्यावर ठेवली, वर टोपली ठेवली. म्हणाली, "घसरते."

मग मथाईनं तिसरी दिली, गोंड्यांची, राणीनं मागितलेली. म्हातारीनं डोक्यावर ठेवली, वर टोपली ठेवली. म्हणाली, "टोचते, सरकते, आणि गोंडे डोळ्यांवर येतात."

मथाई कातावली. "आजी, नगरातल्या बायका ह्यांच्यासाठी भांडतात!"

म्हातारी म्हणाली, "भांडू देत. त्यांची डोकी त्यांच्याजवळ. तू माझं डोकं पाहिलंस का?"

मथाई खजील झाली. म्हातारीला ओसरीवर बसवलं. तिचं डोकं दोन्ही हातांत घेतलं. पाहते तो टाळूवर केस नाहीत, ओझ्यानं कातडी सोललेली, एका अंगाला गळू आलेलं. तिनं खोबरेल आणलं, हलक्या हातानं लावलं. आपलं जुनं लुगडं काढलं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. त्याची चुंबळ वळली. जिथं गळू, तिथं खळगा ठेवला. म्हातारीनं डोक्यावर ठेवली, वर टोपली ठेवली. डोळे मिटून नुसती उभी राहिली.

मग म्हणाली, "मथाई, असं वाण द्यायला तुला कुणी शिकवलं होतं?"

तेव्हा मथाईला आई आठवली. मातीचे दोन हात आठवले. ती म्हातारीच्या पाया पडली. म्हणाली, "आजी, माझा वसा सुटला. माझी लेक तिकडं अडकली. मी काय करू?"

म्हातारी म्हणाली, "बुधवार कर. मग जिला वाण द्यायचं तिचा हात धर."

"ती मला दारात उभी करायची नाही."

"मी उद्या तुझ्या लेकीला हिरवा चुडा भरायला चालले आहे. टोपली घेऊन माझ्यामागं ये. पदर ओढू नकोस, तोंड लपवू नकोस. फक्त बोलू नकोस."

दुसरा दिवस बुधवारच होता. मथाईनं अंगणातली माती घेतली, दोन हात केले, हळदकुंकू वाहिलं. हात जोडून म्हणाली, "हात आखडणार नाही, हात मिरवणार नाही, घेतला वसा सोडणार नाही." मग टोपली डोक्यावर घेतली आणि नावेत बसली.

पैलथडीला गेली. उन्हं चांगली वर आली होती. ओसरीवर म्हाळसाबाई बसली होती, शेजारी आवडी उभी होती. आवडीनं आईला पाहिलं. मथाईनं लेकीचं भरलेलं पोट पाहिलं आणि मान खाली घातली.

म्हातारी म्हणाली, "सुनेआधी सासूला भरते. चल गं, बाईंचा हात धर."

मथाई विहिणीच्या समोर बसली. गुडघ्याला गुडघा लागला. आता ओळखेल, आता उठवून लावील. म्हाळसाबाईनं मान वर केली. सरळ तिच्या तोंडाकडं पाहिलं. आणि म्हणाली, "नवीन दिसतेस गं. कुठल्या गावची?"

लग्नात ह्याच बाईला मथाईनं आपल्या हातानं घास भरवला होता. तिनं विहिणीचा हात आपल्या हातात घेतला. पाहते तो बोटांची टोकं भाजलेली. अंगठ्याला अडकित्त्याचे वण. नखांच्या कडा चुन्यानं खाल्लेल्या. म्हाळसाबाई एकेक बांगडी बोटानं चाचपत होती. आवडी मागून हळूच म्हणत होती, "सासूबाई, उजवीकडं पाण्याचा तांब्या आहे हं. सासूबाई, पायरीवर मांजर आहे हं." जावा आत चौकात पाठमोऱ्या बसून धान्य निवडत होत्या. त्यांना वाटत होतं, सून फार लाघवी आहे.

मग मथाईला सगळं कळलं. चोळी का उलटी गेली ते कळलं. डबी का चुकली ते कळलं. लेक माहेरी का येत नाही, तेही कळलं. म्हाळसाबाईला दिसत नव्हतं, बायांनो. आणि ते तिनं कुणाला कळू दिलं नव्हतं. कळतं तर कमरेचा जुडगा जावांच्या कमरेला गेला असता. डबीच्या फजितीनंतर घरात एकट्या आवडीला ठाऊक झालं होतं. आवडी तिचे डोळे झाली होती. आपले डोळे काढून माहेरी कोण पाठवील?

मथाईनं लेकीकडं पाहिलं. आवडीनं डोळ्यांत पाणी आणलं आणि मान हलवली. सांगू नकोस, म्हणून हलवली. मथाईनं नाही सांगितलं. विहिणीच्या हातात बांगड्या भरल्या, एकही पिचू दिली नाही. परत नावेत बसली.

घरी आली. म्हातारी म्हणाली, "आता काय करशील?" मथाई म्हणाली, "चंची." चंची म्हणजे पानसुपारीची कप्प्याकप्प्यांची पिशवी, गुंडाळून नाडीनं बांधायची. म्हातारी हसली आणि आपल्या वाटेनं गेली.

मथाईनं चंची शिवली. मग काय केलं? आपल्याच डोळ्यांना फडकं बांधलं आणि पान लावायला बसली. कात समजून चुना घेतला. तोंड असं भाजलं की हाय हाय करत उठली. शिंपी हसायला लागला. मथाईनं फडकं सोडलं, चंची उसवली.

मग दुसऱ्यांदा शिवली. प्रत्येक कप्प्याला वेगळा मणी लावला. डोळे बांधले, बसली. सगळे मणी बोटाला सारखेच लागले. चंची उसवली.

मग तिसऱ्यांदा शिवली. ना मोर, ना आरसा, ना जर. मऊ खादीचं कापड घेतलं. सुपारीच्या कप्प्याला एक गाठ. काताच्या कप्प्याला दोन गाठी. लवंगेच्या कप्प्याला तीन. चुन्याच्या डबीला काथ्याचा खरबरीत वेढा, म्हणजे बोट लागताच कळावं. उरलेल्या नाड्यांची छोटी छोटी कडी वळली, एकाला एक गाठ, एकाला दोन, एकाला वेणी. डोळे बांधले, बसली. पान लावलं, खाल्लं. तोंड रंगलं. शिंपी म्हणाला, "मथाई, एवढं साधं काम तू कधी केलं नाहीस." मथाई म्हणाली, "एवढं अवघडही केलं नाही."

पुढचा बुधवार आला. मथाईनं मातीचे हात पुजले आणि आपल्या हातानं वाण घेऊन निघाली. गडी नाही, निरोप नाही. पैलथडीला गेली, दारात उभी राहिली.

म्हाळसाबाईनं विचारलं, "कोण आहे?"

"मी मथाई, विहीणबाई."

आतून आवाज चढला. "तुम्हाला निरोप दिला होता ना? उंबऱ्याच्या आत यायचं नाही!"

"नाही येत. तुम्ही फक्त हात बाहेर करा."

जावा पुढं आल्या, कान टवकारून उभ्या राहिल्या. आवडी खांबाला धरून उभी राहिली. म्हाळसाबाईला वाटलं, ही आता चारचौघींत माझं हसं करणार. पण मागं सरावं तरी हसं. तिनं हात बाहेर केला. मथाईनं त्यावर चंची ठेवली, आणि तो हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला.

म्हाळसाबाईची बोटं फिरली. एक गाठ लागली. पुढं गेली, दोन गाठी लागल्या. पुढं गेली, तीन लागल्या. काथ्याचा वेढा लागला, तिथं बोट थबकलं. परत मागं आली. पुन्हा मोजली.

धाकटी जाऊ म्हणाली, "काय दिलंय हो एवढं?"

मथाई म्हणाली, "काही नाही. साधी चंची आहे."

मग म्हाळसाबाई म्हणाली, "विहीण उन्हातून आली आहे. पाय धुवायला पाणी आणा." आणि मथाईचा हात न सोडता तिला देवघरात घेऊन गेली. दार लोटून घेतलं.

म्हणाली, "पोरीनं सांगितलं?"

"तिनं तोंड उघडलं नाही."

"मग कुणी सांगितलं?"

"तुमच्या हातांनी सांगितलं. बांगड्या मी भरल्या, विहीणबाई."

मग म्हाळसाबाई रडली. इतक्या दिवसांचं रडली. म्हणाली, "मला वाटलं, तू माझं व्यंग ओळखलंस आणि मुद्दाम तशी वाणं पाठवलीस. उलटसुलट न कळणारी चोळी, जुळ्या डब्या. मी तुला शिव्याशाप दिले."

मथाई म्हणाली, "ओळखलं असतं तर बरं झालं असतं. मी तुमच्याकडं पाहिलंच नव्हतं. मी माझ्याच हाताकडं पाहत होते."

"पोरीला अडवून ठेवली. माझी चूक झाली. पण ती गेली की मी उघडी पडते गं."

मथाईनं ती नाड्यांची कडी काढली, विहिणीच्या मांडीवर ठेवली. म्हणाली, "कोठीच्या चावीला कुठलं, तिजोरीला कुठलं, ते तुम्ही ठरवा. मलाही सांगू नका. माझ्या तोंडून ह्या घरात काही निघायचं नाही."

म्हाळसाबाईनं एकेक चावी चाचपली, एकेक कडं बांधलं. मग कमरेला जुडगा खोचला. दार उघडलं. जावांना म्हणाली, "आवडीचं बोचकं बांधा. पहिलटकरीण आहे, माहेरी जाईल. आणि नावाड्याला मोठी नाव आणायला सांगा."

आवडी माहेरी आली. सारवलेल्या खोलीचं दार उघडलं. मथाईनं तिला न्हाऊ घातलं, माखू घातलं, डोहाळे पुरवले. दिवस भरले. आवडी सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली, गोरीगोमटी.

बारशाला म्हाळसाबाई आली. डोळे आले होते का? नाही आले, बायांनो. सगळ्या कहाण्यांत येतात, ह्या कहाणीत नाही आले. पण ती एकटी नावेतून उतरली, पाऊल न चुकता दारात आली. मथाईनं नात तिच्या मांडीवर दिली. म्हाळसाबाईनं कपाळावरून बोट फिरवलं, नाकावरून फिरवलं, हनुवटीवरून फिरवलं. म्हणाली, "हनुवटी माझ्या लेकाची आहे." आणि कमरेच्या पिशवीतून एक कुंची काढली.

म्हणाली, "विहीणबाई, जन्मात सुई धरली नव्हती. तुमच्या चंचीवर बोट ठेवून ठेवून शिवली. चुकली असेल."

मथाईनं कुंची हातात घेतली. एक बाजू लांब, एक आखूड. टाके तिरके, कुठं दोऱ्याचा गुंता. एका टाक्याशी रक्ताचा डाग, सुई टोचल्याचा. मथाईच्या हातून अशी कुंची कुणा गिऱ्हाइकानं नेली नसती. जमलेल्या बायका एकमेकींकडं पाहू लागल्या. मथाईची बोटं शिवशिवली. घडीत उसवेल, घडीत सरळ करील.

पेटीत मथाईनंच शिवलेली, राणीला शोभेल अशी कुंची होती. ती तिनं पेटीतच राहू दिली. विहिणीची कुंची बाळाला घातली, नाडी बांधली, पाळण्यात ठेवलं. पहिला झोका म्हाळसाबाईला द्यायला लावला. पुढं त्या लेकराची धाकटी भावंडं झाली, तीही तीच कुंची घालून वाढली. धुऊन धुऊन ती विरली. पण तिचा एक टाका मथाईनं कधी उसवला नाही.

त्या बारशाला पायरीवर म्हातारी कासारीण येऊन बसली होती. जेवली, विडा घेतला आणि उठली. ती कुठं गेली, कुणी पाहिलं नाही. अंगणात मातीचे दोन हात होते, त्यांत हिरवी बांगडी मात्र सापडली.

हातगौर जशी मथाईला भेटली, तशी तुम्हाआम्हाला भेटो. मथाईची लेक जशी घरी आली, तशा तुमच्या लेकी वेळेला घरी येवोत. म्हाळसाबाईचा हात जसा कुणी धरला, तसा सरत्या वयात आपलाही धरो. ही टाक्याटाक्याची कहाणी एका गाठीत बांधली, ऐकणारीच्या ओंजळीत ठेवली, सुफळ संपूर्ण झाली. वाहा गं अक्षता.